फोटोतलं विमान 'झीरो' नाही, हार्वर्ड आहे

आजोबांच्या अल्बममधलं हे विमान 'झीरो' हे दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान असावं असं तुम्ही म्हणता, कारण त्याच्या अंगावर काळा गोल दिसतो. मला मात्र हे हार्वर्ड वाटतं, म्हणजे वैमानिकांच्या प्रशिक्षणाचं विमान.

गोल आधी बाजूला ठेवा. रंग कुणीही बदलू शकतं, सांगाडा बदलत नाही. प्रॉपेलरला दोनच पाती आहेत, झीरोला तीन असतात. कॉकपिटची काच लांबलचक असून आत एकामागे एक दोघं बसलेत. झीरो एकट्याने उडवायचं विमान. पंखाची पुढची कड मागे तिरकी गेलीय, मागची जवळजवळ सरळ आहे. व्हल्टी बीटी-१३ या अमेरिकी विमानाशी इथे भल्याभल्यांची गल्लत होते. पण त्याची चाकं कायम बाहेर असतात. तुमच्या फोटोत पंखाच्या मुळाशी चाक आत घ्यायची जागा स्पष्ट दिसते.

आता तो गोल. भिंगाखाली बघा: मधोमध काळपट ठिपका, मग पांढरं कडं, मग फिकट राखाडी, आणि बाहेर काळी बारीक कड. जपानी खूण म्हणजे एकच भरीव लाल गोल. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक (लाल रंग न टिपणाऱ्या कृष्णधवल) फिल्मवर लाल आणि पिवळा रंग काळपट उमटतो, निळा मात्र फिका पडतो. म्हणजे हा लाल, पांढरा, निळा आणि पिवळा असा ब्रिटिश गोल. धडावरच्या गोलाची पिवळी कड रॉयल एअर फोर्सने, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाने, जुलै १९४२ मध्ये बारीक केली, तेव्हा फोटो त्यानंतरचा. शेपटीजवळ दोन अक्षरं आणि तीन आकडे अंधुक दिसतात. ब्रिटिश क्रमांकांची ही पद्धत १९४० मध्ये सुरू झाली, तेही जुळतं.

एक गोष्ट नक्की तपासा. हार्वर्डचा एक्झॉस्ट पाइप वैमानिकाच्या उजव्या हाताला असतो. तो डावीकडे दिसला तर निगेटिव्ह उलटी छापली गेलीय, आणि मग क्रमांकही उलटा वाचला जाईल.

अल्बममधल्या फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो पाहून क्रमांक वाचता येत नाही. मूळ प्रत १२०० डीपीआयला स्कॅन करा, कडा कापू नका, मागची बाजूही स्कॅन करा. तिथे पेन्सिलीने काही लिहिलेलं असू शकतं. ती दोन अक्षरं आणि तीन आकडे वाचता आले की नेमकं कोणतं विमान, ते आपण मिळून शोधू.