कॅमेरा घ्या, पण आधी रोलचा हिशेब मांडा

नमस्कार. पगाराचे ४२,००० रुपये हाती पडतात आणि त्यातून पुण्यातील भाडे, खानावळ, घरी पाठवायची रक्कम व ५,००० रुपयांची एसआयपी वजा जाता सुमारे ६,००० रुपये उरतात, असे तुम्ही कळवले आहे. फिल्मवर छायाचित्रण शिकण्यासाठी १८,००० रुपयांचा जुना कॅनन एई-१ क्रेडिट कार्डावर वार्षिक १६ टक्के व्याजाने बारा हप्त्यांत घ्यावा का, हा तुमचा प्रश्न आहे. विक्रेत्याने ‘ही गुंतवणूकच समजा’ असेही सांगितले आहे.

विक्रेत्याचे ते वाक्य प्रथम बाजूला ठेवा. हा कॅमेरा १९७६ साली बाजारात आला आणि लाखोंनी खपला, त्यामुळे तो दुर्मीळ नाही. शिवाय त्याचे शटर, म्हणजे फिल्मवर क्षणभर प्रकाश पडू देणारा पडदा, इलेक्ट्रॉनिक असून सहा व्होल्टच्या बॅटरीशिवाय ते उघडतच नाही, आणि आतले सर्किट गेले तर सुटा भाग बहुधा दुसऱ्या बंद पडलेल्या एई-१मधूनच काढावा लागतो. अशी वस्तू हौसेखातर खुशाल घ्यावी, मात्र वहीत ती खर्चाच्या बाजूलाच लिहावी.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. तुमच्याच आकड्यांनुसार रंगीत रोल ९०० रुपयांना पडतो आणि धुलाई व स्कॅनिंगचे ६०० रुपये होतात. म्हणजे ३६ फोटोंच्या एका रोलला १,५०० रुपये, अर्थात प्रत्येक क्लिकला जवळपास ४२ रुपये. महिन्याला दोन रोल काढायचे तुमच्या मनात आहे, त्यांचे वर्षाचे ३६,००० रुपये होतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या किमतीच्या दुप्पट. रोलच्या महिन्याच्या ३,००० रुपयांत पहिल्या वर्षी सुमारे १,६३० रुपयांचा मासिक हप्ता मिळवला, तर तुमच्या ६,००० रुपयांच्या शिलकीतले जेमतेम १,३७० रुपये उरतात. हप्त्यांपायी जाणारे व्याज सुमारे १,६०० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी मिळून एका रोलहून अधिक पैसे बँकेच्या खिशात जातील, हे मला तरी पटत नाही.

म्हणून माझे मत असे, की कॅमेरा जरूर घ्यावा, पण रोख घ्यावा, आणि त्यासाठी तुमच्याकडच्या ६०,००० रुपयांच्या गंगाजळीला किंवा एसआयपीला हात लावू नये. चार महिने ४,५०० रुपये बाजूला टाकले की रक्कम उभी राहते. तेवढ्या काळात काका-मामांच्या कपाटात याशिका किंवा झेनिटचा एखादा जुना फिल्म कॅमेरा पडून आहे का, याची चौकशी करा. मिळाला तर सर्व्हिसिंगपुरताच खर्च येईल. विकतच घ्यायचा झाल्यास मी पेंटॅक्स के१००० सुचवेन. तोही १९७६ सालचाच, पण त्याचे शटर यांत्रिक आहे आणि बॅटरी केवळ प्रकाशमापकाला लागते. रोल मात्र महिन्याला एकच, निदान पहिले वर्षभर.

कोणताही कॅमेरा घेताना लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चपुढे धरा. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ती बरेचदा आढळते. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटत असेल, तर प्रकाश आत शिरून फोटो खराब होतील. हे काम किरकोळ आहे, तेवढी किंमत कमी करून मागावी. एई-१च घेतलात आणि शटर दाबताच चिरका आवाज आला, तर आरशाच्या यंत्रणेला तेलपाणी लागणार, हेही किमतीत धरा.

विक्रेता देत असलेली पंधरा दिवसांची हमी लेखी घ्या. शटरचा वेग चुकतो आहे की नाही, हे नवशिक्याला रोल धुतल्यावरच कळते, आणि लॅबकडून स्कॅन यायलाही काही दिवस जातात. तेव्हा पहिला रोल दोन-तीन दिवसांतच संपवून, १/१००० सेकंदापर्यंतच्या सगळ्या वेगांवर फोटो काढून तो लगेच लॅबमध्ये द्या, म्हणजे दोष निघाल्यास कॅमेरा परत करायला हमीतले दिवस शिल्लक राहतील.