जिभेवरची गाठ, दोन रिपोर्ट आणि तुकडा किती खोल होता हा प्रश्न

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: आईंचं वय ४८. जिभेच्या वरच्या बाजूला, मधोमध, वाटाण्याएवढी टणक गाठ. वर्षभर जवळपास तेवढीच, दुखत नाही. डॉक्टरांनी वरून छोटा तुकडा काढून पाठवला, रिपोर्ट आला ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, वेल डिफरन्शिएटेड’, म्हणजे कॅन्सर, पण पेशी बऱ्याच मूळच्यासारख्या दिसणारा. त्याच स्लाइड दुसऱ्या लॅबने बघितल्या आणि लिहिलं, ‘ग्रॅन्युलर सेल ट्यूमरची शक्यता, खोल तुकडा पाठवावा’. सर्जन पुढच्या आठवड्यात जिभेचा भाग आणि मानेतल्या गाठी (लसीकाग्रंथी) काढायचं म्हणताहेत. दंडावरही एक जुनी गाठ आहे. आई मशेरी लावतात. आणि आत्याबाई म्हणताहेत की चाकू लागला की गाठ पसरते.

मी तोंडाच्या आजारांची पॅथॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते. आईंना तपासलेलं नाही, स्लाइडही बघितलेली नाही, तेव्हा निदान इथे बसून करणार नाही. पण एवढं नक्की सांगते की रिपोर्टांचं जुळत नाही तोवर मान उघडायची घाई करू नका. आठवडाभर थांबल्याने, समजा कॅन्सर निघालाच, तरी फारसं बिघडत नाही. मात्र तो नसताना जिभेचा तुकडा गेला तर परत लावता येत नाही.

आता ही ग्रॅन्युलर सेल ट्यूमर काय भानगड आहे ते सांगते, कारण नावात ट्यूमर वाचून निम्मे लोक तिथेच घाबरतात. ट्यूमर म्हणजे नुसती गाठ. ही साधी गाठ आहे, क्वचित दिसणारी, आणि तिची सगळ्यात आवडती जागा म्हणजे जीभ. त्याखालोखाल त्वचा. तीस ते साठ वयात जास्त, बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट. १९२६ साली मॉस्कोच्या अब्रिकोसॉव्हने तिचं वर्णन केलं. (हाच तो माणूस ज्याने १९२४ मध्ये लेनिनचं शवविच्छेदन केलं, आणि याच्याच मुलाला २००३ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की नाव विसरत नाहीत.) जिभेच्या स्नायूत सापडली म्हणून त्याला ती स्नायूंच्या पेशींची वाटली. ते चुकलं होतं. पुढे कळलं की ती नसांभोवतीच्या श्वान पेशींच्या वळणाची आहे. श्वान हे शास्त्रज्ञाचं आडनाव, कुत्र्याचा काही संबंध नाही.

मायक्रोस्कोपखाली ही गाठ फार देखणी दिसते, हे माझं प्रामाणिक मत. मोठ्या, फिकट गुलाबी पेशी, आणि त्यांच्या पोटात बारीक कण भरलेले. थंडीत डब्यातलं साजूक तूप कसं रवाळ होतं, तसं. ते कण म्हणजे पेशीतल्या लायसोसोमचा, म्हणजे कचरा पचवणाऱ्या पिशव्यांचा, साठलेला माल. २०१८ मध्ये याचं कारणही सापडलं: यातल्या बऱ्याच गाठींमध्ये एटीपी६एपी१ किंवा एटीपी६एपी२ या जनुकांत बिघाड असतो, त्यामुळे लायसोसोमला आतलं आम्ल नीट राखता येत नाही आणि कचरा साचत जातो. हा बिघाड त्या गाठीपुरता असतो, आईकडून तुमच्याकडे येणारा नाही.

मग कॅन्सरचा घोळ कुठून झाला? या रवाळ पेशी वरच्या आवरणाच्या अगदी खाली असल्या की ते आवरण चाळवल्यासारखं वाढायला लागतं आणि त्याच्या फांद्या खाली उतरतात. वडाच्या पारंब्या आठवा. तिसरा हिस्सा ते निम्म्या गाठींमध्ये हे कमी-जास्त दिसतं. पारंब्यांच्या टोकाला कधी केरॅटिनचे (नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाचे) गोल मोतीही असतात, आणि असे मोती म्हणजे कॅन्सर हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकवलेलं असतं. तुकडा वरवरचा असेल तर स्लाइडवर फक्त पारंब्या येतात, खालची रवाळ जमीन येतच नाही. बघणारा काय लिहील? ‘वेल डिफरन्शिएटेड’ कॅन्सरच लिहील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी एका एसटी कंडक्टरच्या जिभेची स्लाइड माझ्याकडे आली होती. मी झोकात कॅन्सरचा मसुदा लिहिला आणि सरांपुढे ठेवला. सरांनी स्लाइड लावली, काही बोलले नाहीत, नुसती काच सरकवत सरकवत तुकड्याच्या खालच्या कडेपर्यंत नेली. मग म्हणाले, “बाई, खाली काय आहे?” खाली कडेला, कापताना जवळजवळ सुटून गेलेल्या, सात-आठ रवाळ पेशी होत्या. मी त्या बघितल्या होत्या, पण स्नायूचा कापलेला तुकडा समजून सोडून दिल्या होत्या. खोल तुकडा मागवला, साधी गाठ निघाली. त्यानंतर आजतागायत जिभेच्या पाठीवरचा तुकडा आला की मी आधी खालची कड बघते.

तुमच्या बाबतीत दुसऱ्या लॅबला शंका का आली असेल ते जागेवरूनही कळतं. जिभेचा कॅन्सर बहुतेकदा जिभेच्या कडेला किंवा खालच्या बाजूला होतो. आपल्याकडे तंबाखूवाल्यांमध्ये गालफडात आणि हिरडीलगत, जिथे ती चिमूट धरून ठेवतात तिथे. जिभेच्या पाठीवर मधोमध कॅन्सर होणं हेच मुळात दुर्मीळ. त्यात वर्षभर न वाढणारी, न चिघळलेली, वरचं आवरण शाबूत असलेली टणक गाठ. हा पुरावा नाही, पण या जागेवरून कॅन्सरचा रिपोर्ट आला की दोनदा बघावं.

आता काय करायचं ते. पहिल्या लॅबकडून स्लाइडच नव्हे तर मेणाचा ब्लॉकसुद्धा मागून घ्या. बहुतेक ठिकाणी अर्ज आणि सही घेऊन देतात. ब्लॉक म्हणजे आईंचा तुकडा ज्यात बसवलाय तो मेणाचा छोटा चौकोन. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कागदात गुंडाळून न्या, आणि कृपा करून उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तो तोंडाच्या पॅथॉलॉजीची सवय असलेल्या माणसाकडे न्या. सरकारी डेंटल कॉलेजात हा विभाग असतो, परळच्या टाटा हॉस्पिटलातही बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक फेरतपासणीला घेतात. त्या ब्लॉकमधून आणखी खोल काप घेऊन बघता येतात. रवाळ पेशी सापडल्या तर एस-१०० आणि सॉक्स-१० हे दोन मार्कर, म्हणजे ठरावीक पेशीच रंगवणाऱ्या तपासण्या, लावतात. गाठ ही असेल तर दोन्ही ठळक रंगतात, आणि पारंब्या कोऱ्या राहतात. त्याच कापात एखादी नस आली तर तीही रंगते, म्हणजे तपासणी नीट झाली याची पावती तिथेच मिळते.

ब्लॉकमध्ये खालचा भाग नसेलच, आणि मला तीच भीती आहे, तर नवा तुकडा लागेल. तो चिमटीने वरचा टवका उडवून नाही, तर आवरणासकट खालचा स्नायू दिसेल इतका खोल. गाठ वाटाण्याएवढीच आहे तर बरेच सर्जन सरळ अख्खी काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढणं आणि उपचार एकाच वेळी. मला विचाराल तर आईंच्या गाठीला हेच सोयीचं, पण ते हात लावून बघणाऱ्याने ठरवायचं. सर्जनना एक आठवण करा: ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून तिथल्या तिथे तपासणं) करून लगेच निर्णय घ्यायचा बेत असेल तर तिथेही याच पारंब्या फसवतात. शांतपणे पक्का रिपोर्ट येऊ द्यावा.

फॉर्मवर माहिती पूर्ण लिहायला लावा. ‘जीभ, बायोप्सी’ एवढंच लिहिलेली बाटली आली की आम्ही अंधारात असतो. जागा, किती महिन्यांपासून, आकार, दंडावरची दुसरी गाठ, आधीचा रिपोर्ट, सगळं.

दंडावरची गाठ म्हणालात तिथे मी थांबले. या गाठी कधी कधी एकाच माणसात दोन-तीन ठिकाणी असतात, साधारण दहातल्या एका रुग्णात. त्वचेवर ती टणक, तपकिरी किंवा कातडीच्याच रंगाची गुठळी असते, आणि नुसतं बघून ओळखणं अवघड. डर्मॅटोफायब्रोमा, म्हणजे त्वचेतली साधी तंतूंची गाठ, म्हणून सोडून दिलेल्या मी तीन बघितल्या आहेत. म्हणजे दंडावरची तशीच आहे असं नाही, चरबीची साधी गाठही असेल. पण ती काढून त्याच पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा. जिभेच्या आधी तीच काढली आणि तिच्यात रवाळ पेशी निघाल्या, तर अर्धा प्रश्न बिनजिभेचा सुटेल. आणि आईंना विचारा, स्तनात काही हाताला लागतं का, घास गिळताना अडकतो का. या गाठी तिथेही होतात. स्तनातली तर मॅमोग्राफीवर हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते, तेव्हा रेडिओलॉजिस्टला जिभेची हकिगत सांगितलेली बरी.

उपचार म्हणजे गाठ पूर्ण काढणं, बस. लायपोमा (चरबीची गाठ) जसा भिजवलेल्या शेंगदाण्यासारखा सालीतून सुटून येतो तशी ही येत नाही. हिला कवच नसतं, पेशी स्नायूच्या धाग्यांत शिरलेल्या असतात, म्हणून भोवतीचा थोडा निरोगी भाग घेऊन काढतात. एवढ्या आकाराला सहसा जागा बधिर करून काम होतं, टाके विरघळणारे. मानेतल्या गाठी काढायच्या नाहीत, शेक (रेडिएशन) नाही, केमो नाही. पूर्ण निघाली की परत येणं कमी, कड राहिली तर शक्यता वाढते, तरी लगेच पुन्हा कापत नाहीत, लक्ष ठेवतात. या प्रकारात खरोखर घातक निघणाऱ्या शंभरात दोनही नसतात. त्या बहुधा चार सेंटिमीटरच्या वरच्या, झपाट्याने वाढणाऱ्या, आणि मायक्रोस्कोपखालीही त्यांची वेगळी लक्षणं असतात. रिपोर्टमध्ये नेक्रोसिस (मेलेला भाग), मायटोसिस (पेशींचं विभाजन), प्लिओमॉर्फिझम (पेशींचे वेडेवाकडे आकार) असे शब्द ‘नाहीत’ म्हणून आले असतील तर ते याचसाठी तपासलेलं असतं.

पहिले दोन-तीन दिवस जीभ सुजते, बोलणं बोबडं होतं. गार ताक-भात, पेज, आइस्क्रीम चालतं. ठेचा पंधरा दिवस बंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, जिभेला रक्तपुरवठा भरपूर असतो.

आत्याबाईंना सांगा, चाकूने ही पसरत नाही. अर्धवट काढली तर तिथेच पुन्हा वाढू शकते, तेवढंच खरं आहे.

मशेरीचं मात्र वेगळं. या गाठीचा तंबाखूशी संबंध नाही, त्यामुळे ‘मशेरीने झालं’ म्हणून आईंना बोल लावू नका. पण म्हणून मशेरीला माफीही नाही. एकाच जिभेत ही गाठ आणि खरा कॅन्सर शेजारी शेजारी सापडल्याची अगदी थोडी उदाहरणं नोंदलेली आहेत, म्हणून खोल तुकड्यात रवाळ पेशी दिसल्या तरी पारंब्या नुसत्या पारंब्याच आहेत ना, हे बघणाऱ्याने वेगळं लिहिलं पाहिजे. आणि त्याच भेटीत गालफडं, हिरड्या, जिभेखालची जागा पूर्ण तपासून घ्या. मशेरीवालीच्या तोंडात पांढरा चट्टा असेल तर तो तिथे सापडेल.

खालच्या प्रतिसादात कोणीतरी बाळाच्या हिरडीवरच्या गाठीचा दुवा दिलाय. ती वेगळी. जन्मतःच असते, बहुधा मुलींमध्ये, वरच्या हिरडीला. पेशी तशाच रवाळ दिसतात म्हणून नाव जवळचं पडलं, पण तिच्यात एस-१०० रंगत नाही. तो धागा आईंसाठी वाचू नका.

सोमवारी ब्लॉक मिळाला की पहिल्या रिपोर्टमधलं ‘ग्रॉस’ या शीर्षकाखालचं वाक्य जसंच्या तसं इथे टाका, नाव-नंबर झाकून. तुकडा किती मिलिमीटरचा आला होता ते त्यात लिहिलेलं असतं. दोन मिलिमीटर असेल तर पहिल्या लॅबलाही मी फार दोष देणार नाही.