‘लोरियां’ या फ्रेंच युद्धनौकेचा शेवट कसा झाला?
नेपोलियनला इजिप्तला नेणारी ‘लोरियां’ ही तीन तोफमजली नौका १७९१ मध्ये तुलाँ येथे ‘दोफाँ रॉयाल’ या राजघराण्याच्या नावाने पाण्यात उतरली. फ्रेंच राज्यक्रांतीने तिला ‘सां-क्युलोत’ केले आणि १७९५ मध्ये ती ‘लोरियां’ झाली. १ ऑगस्ट १७९८ च्या रात्री इजिप्तच्या किनाऱ्याजवळच्या अबुकीरच्या उपसागरात ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या ताफ्याशी लढताना तिला आग लागली, ती दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोहोचली आणि दहाच्या सुमारास नौकेच्या ठिकऱ्या उडाल्या. फ्रेंच ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल ब्रुए त्यापूर्वीच तोफगोळा लागून मरण पावले होते. नौकेचे कप्तान काझाबियांका यांच्यासोबत त्यांचा कोवळा मुलगाही गेला, हे वाचताना आजही गलबलून येते. नौकेच्या मुख्य डोलकाठीच्या लाकडाची शवपेटी ब्रिटिश कप्तान हॅलोवेल यांनी नेल्सनना भेट दिली आणि १८०६ मध्ये नेल्सनना त्याच शवपेटीत पुरण्यात आले.