खमीर, खुमारी आणि झाकलेलं पीठ

एका ताईंनी विचारलंय: बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, मैत्रिणीबरोबर पेसाह या यहुदी सणाचा, म्हणजे मराठी बायबलातल्या वल्हांडणाचा, शाकाहारी बेत ठरवतेय. 'बेखमीर' म्हणजे आंबवलेलं काहीच चालत नाही ना? मग दही, इडली सगळं बाद? आणि शब्द 'बेखमीर' की 'अखमीर'?

शेवटचं आधी. बेखमीर. 'बे' फारसी, 'खमीर' अरबी, जोडी जमलेली आहे. 'अखमीरी' हिंदी बायबलात चालतं, तिथेच राहू द्या. आपण 'अकायदेशीर' म्हणतो का?

आता ते 'आंबवलेलं चालत नाही'. हे ऐकून कान किटले. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या विधिवत जेवणाच्या, रात्री वाइनचे 4 पेले घ्यायचेच असतात. ती काय न आंबता होते? मनाई आहे ती हामेत्सची, आणि हामेत्स होतं फक्त पाच धान्यांचं: गहू, जव, राय, ओट आणि गव्हाचा जुना भाऊबंद स्पेल्ट. त्यांच्या पिठाला पाणी लागलं की 18 मिनिटांच्या आत मात्झा, म्हणजे बेखमीर भाकरी, भाजून व्हायला हवी, नाहीतर हामेत्स. यात दही कुठे आलं? युरोपातले अश्केनाझी यहुदी परंपरेने तांदूळ आणि डाळीही टाळतात. कोकणातले बेने इस्रायल तांदूळ खातात. तेव्हा इडलीचं मैत्रिणीलाच विचारा.

खरी गंमत 'खमीर'मध्ये आहे. सणाच्या आदल्या रात्री दिवा घेऊन घरभर हामेत्स शोधतात आणि मग म्हणतात 'कोल हमिरा...': माझ्या ताब्यातलं सगळं खमीर मातीच्या धुळीसारखं होवो. हे वाक्य हिब्रू नाही, त्या काळच्या बोलण्यातल्या अरामी भाषेतलं आहे, कारण घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं होतं. तो 'हमिरा' आणि आपलं 'खमीर' एकाच सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरामी-अरबीच्या भाषाकुळातल्या, मुळाचे. अरबीतून फारसीत, फारसीतून आपल्या नानवाल्याकडे.

त्याच ख-म-र मधून अरबीत दारूला 'खम्र', दारू उतरतानाच्या डोकेदुखीला 'खुमार'. आपण त्याची 'खुमारी' केली आणि डोकेदुखी सोडून देऊन ती मैफलीला लावली! आणि 'खिमार' म्हणजे डोक्यावरची ओढणी. मूळ अर्थ झाकणं. अरबी कोशकार सांगतात, दारू बुद्धीला झाकते म्हणून ती खम्र. मला हे मुळीच पटत नाही. बुद्धी झाकायच्या कितीतरी आधी कुठल्यातरी बाईने पीठ झाकून ठेवलं असणार. आंबायला ठेवलेलं पीठ आपणही झाकूनच ठेवतो ना? सेमिटिक भाषांचे पंडित म्हणतील की 'झाकणे' आणि 'आंबणे' ही मुळात दोन वेगळी मुळं. म्हणोत. त्यांनी कधी ढोकळ्याचं पीठ भिजवलेलं दिसत नाही.

आणि माझ्या बाजूने साक्ष कोकणातून मिळते. बेने इस्रायलांमध्ये पेसाहचं जुनं मराठी नाव होतं 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे चटणीसारखं तोंडी लावायच्या आंबट पाण्याचं मडकं. ते ढाकायचं, म्हणजे झाकायचं. हिब्रू 'हामेत्स'चं मूळही आंबटपणाचंच, जसं आपलं 'आंबणे' आम्लावरून. म्हणजे हिब्रूशी संबंध जवळजवळ तुटलेल्या तेल पिळणाऱ्या आणि म्हणून 'शनवार तेली' म्हटल्या जाणाऱ्या या बेने इस्रायलांनी आंबट आणि झाकणं हे दोन्ही अर्थ एका मराठी नावात जपले. योगायोग? असेलही. मी तो सोडणार नाही.

बेताचं राहिलंच. सेदरच्या ताटात हाड ठेवतात, त्याचं शाकाहारी माणसाने काय करायचं ही चिंता नको. तालमूदात, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, सेदरला ठेवायचे दोन शिजवलेले पदार्थ कोणते या प्रश्नावर रव हुना या धर्मपंडितांचं उत्तर आहे: बीट आणि तांदूळ. त्यामुळे हाडाच्या जागी बीट ठेवणाऱ्यांना आधार जुना आहे.

दह्याची काळजी करण्याऐवजी आमटीच्या फोडणीकडे बघा. बाजारातल्या डबीतला हिंग बहुतेक वेळा शुद्ध नसतो, त्यात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवरचं बारीक अक्षर वाचा, नाहीतर खडा हिंग आणा.