जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहे. वॉर्डात पेशंटला हात लावायचीच भीती वाटते, काय करू?

पहिल्या पोस्टिंगला हे होतंच. इंजेक्शनच्या मागे लगेच धावू नका. आधी बेड मेकिंग, स्पंज (ओल्या कापडाने अंग पुसणं), कूस बदलणं यात हात बसू द्या. खरी धास्ती असते ती पुढची पायरी ऐनवेळी न आठवण्याची. म्हणून पडदा ओढण्याआधीच कोमट पाणी, टॉवेल, कपडे, चादर ट्रॉलीवर मांडून घ्या. मग "आजी, आता तुम्हाला कुशीवर वळवते हं" असं सांगत सांगत करा. त्यांचं अंग सैल पडतं, तुमचंही. वळवताना खांदा आणि कंबर धरा, दंड ओढू नका, आणि पलीकडचा कठडा वर आहे ना ते बघा. माकडहाडावर किंवा टाचेवर लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती फिकी पडली नाही, तर लगेच सिस्टरना सांगा. बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते.

बीपीचा सराव होस्टेलवर मैत्रिणींवर करा. कफची, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची, खालची कड कोपराच्या घडीच्या २-३ सेंटीमीटर वर हवी. श्वास मोजताना मात्र सांगायचं नाही. नाडी बघतोय असाच हात ठेवून मोजा, नाहीतर पेशंट नकळत लय बदलतो.

बीपीचा आकडा नीट ऐकू आला नाही तर अंदाजे लिहू नका. मिनिटभर थांबून पुन्हा घ्या, तरी जमेना तर सिनियरला बोलवा.