वाचकांचे प्रश्न : गाडी उभी, बॅटरी रिकामी

प्रश्न : चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. रोज चालवली तर काहीच त्रास नाही. पण तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक होतं. वर्षभरात दुसरी बॅटरी टाकली, ४५ अँपिअर-अवरची. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.२ व्होल्ट येतात. आता तिसरी बॅटरी घ्यायची का?

नको. १४.२ व्होल्ट येतात म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) चार्जिंग करतोय. गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय, आणि किती खातंय याचा अंदाज तुमच्या प्रश्नातूनच काढता येतो. घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, इंजिनचा कंट्रोलर यांना गाडी बंद असतानाही थोडा करंट लागतोच. बहुतेक गाड्यांत तो २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ५० धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे दोन आठवडे गाडी उभी राहिली तरी सुरू व्हायला हवी. तुमची बॅटरी साडेतीन दिवसांत निम्म्याच्या खाली जाते. २५ अँपिअर-अवर भागिले ८४ तास, म्हणजे साधारण ३०० मिलिअँपिअर. डिकीतला ५ वॅटचा दिवा जळत राहिला तर तो एकटाच ४०० मिलिअँपिअर खातो. शोधायचा चोर एवढ्याच मापाचा आहे.

आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. निगेटिव्ह सुटी असतानाच दोन दिवसांत ती १२.३ पर्यंत घसरली, तर दोष बॅटरीतच आहे आणि पुढची सगळी शोधाशोध वाया जाईल. वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी नवी असली तरी आतून खराब झालेली असू शकते.

बॅटरी टिकली तर मल्टिमीटर घ्या. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. मिलिअँपिअरच्या भोकात घातलीत तर मीटरचा फ्यूज पहिल्याच झटक्यात जाईल. मोजणी नेहमी निगेटिव्ह बाजूला करा. पॉझिटिव्हवर पाना चुकून बॉडीला टेकला की ठिणगी उडालीच.

मीटर लावण्यापूर्वीची तयारी बहुतेकांकडून राहते, आणि मग रीडिंग चुकतं. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच (कुलपाची आकडी) स्क्रूड्रायव्हरने दाबून 'बंद' करा. फ्यूज बॉक्स आत असेल तर दार उघडं ठेवून त्याचंही लॅच तसंच दाबा. जुन्या गाडीत दाराच्या चौकटीतलं बटण टेपने दाबून ठेवा. काच खाली करून ठेवा. बिनकिल्लीची गाडी असेल तर रिमोट दहा-पंधरा मीटर लांब ठेवा. मग गाडी लॉक करा.

दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर घ्या. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरा निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पला. आता १० नंबरच्या पान्याने क्लॅम्प सैल करून उचला. वायरमुळे गाडीचा पुरवठा एक क्षणही तुटत नाही. मीटरची लाल वायर क्लॅम्पला, काळी खांबाला लावा, आणि चिमट्याची वायर तशीच राहू द्या. गाडीतले कंट्रोलर झोपायला दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ घेतात. अर्ध्या-पाऊण तासाने वायर काढा आणि आकडा वाचा. घाईत मोजलेले २-३ अँपिअर पाहून चांगल्या वायरिंगची चिरफाड झाल्याची उदाहरणं काही कमी नाहीत. आणि मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका.

झोपल्यावरही ०.३० अँपिअर दिसत असेल, तर फ्यूज एकेक करून उपटायची जुनी पद्धत आहेच, पण परत बसवताना एखादा कंट्रोलर जागा होतो आणि पुन्हा थांबावं लागतं. त्यापेक्षा फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन बारीक धातूच्या टिंबांवर मीटर टेकवा, मिलिव्होल्टवर ठेवून. मात्र मीटर दुसरं हवं, नाहीतर चिमट्याची वायर परत लावून पहिलंच सोडवून घ्या. करंट वाहत नसेल तर ०.० येईल. १० अँपिअरच्या छोट्या ब्लेड फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे ढोबळमानाने १३० मिलिअँपिअर, १५ च्या फ्यूजवर सुमारे २०० आणि २० च्या फ्यूजवर ३०० च्या आसपास. मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारं हवं, बाकी काही नको.

ज्या फ्यूजवर व्होल्ट सापडले त्याच्या मागे चार-पाच वस्तू असतात. झाकणावरचा तक्ता पाहून त्यांचे कनेक्टर एकेक करून काढा. सर्वात आधी संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर घ्या. म्युझिक सिस्टिमची पिवळी वायर कायमच्या पुरवठ्याला आणि लाल वायर चावीवरच्या पुरवठ्याला लागते. चावीशिवाय गाणी वाजावीत म्हणून दोन्ही वायरी पिवळ्याच्या जागी जोडल्या, की सिस्टिम पूर्ण बंद होतच नाही. लाल वायर चावीवरच्या फ्यूजला नेली की काम झालं. डॅशकॅमचा पार्किंग मोड, ट्रॅकर, ओबीडीत (डॅशखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये) खुपसलेलं यंत्र यांचीही तीच गत.

मूळच्या भागांत रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) तपासा. गाडी तासभर बंद असताना एखादा रिले हाताला कोमट लागला, तर त्याची कॉइल चालू आहे. ती एकटी दीडशे मिलिअँपिअर खाते. मग त्याला हुकूम देणारा स्विच किंवा कंट्रोलर बिघडलेला असतो, रिले बदलून फरक पडत नाही. थंड असूनही पुढची वस्तू चालू असेल तर आतले पॉइंट चिकटले आहेत. शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी अदलाबदल करा, दोष सोबत गेला की खात्री झाली.

प्रश्न : तुम्ही म्हणता तशी गाडी झोपते, ४० मिलिअँपिअरवर येते. पण दर दहा मिनिटांनी आकडा १.५ अँपिअरला जातो आणि दोनेक मिनिटांनी परत खाली येतो. हे चालतं का?

नाही चालत. दहापैकी दोन मिनिटं दीड अँपिअर म्हणजे सरासरी ३३० मिलिअँपिअर पडते, दिवसाला ८ अँपिअर-अवर. कोणीतरी गाडीला झोपेतून उठवतंय. आधी रिमोट खरंच लांब आहे का पाहा, मग ओबीडीतलं यंत्र आणि ट्रॅकर काढा. त्यानंतर दाराचे आणि बॉनेटचे स्विच: लॅचमधला गंजलेला स्विच कधी जोडतो, कधी तोडतो, आणि दरवेळी कंट्रोलरला दार उघडल्याचा निरोप जातो. अशा दोषात एकदा वाचलेल्या आकड्याला अर्थ नाही. मीटरसमोर मोबाइलचा कॅमेरा तासभर चालू ठेवा आणि उसळी किती मिनिटांनी येते ते लिहा. एकेक वस्तू काढून उसळी थांबते का पाहत जा. वेळखाऊ आहे, पण दुसरा मार्ग नाही.

प्रश्न : सगळे फ्यूज काढले तरी अर्धा अँपिअर जातोच. मीटर खोटं सांगतंय?

मीटर खरं असावं. अल्टरनेटर आणि स्टार्टरच्या जाड केबल छोट्या फ्यूजमधून जात नाहीत. अल्टरनेटरमधला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळू लागला की बॅटरीचा करंट उलटा आत शिरतो, आणि चार्जिंग मात्र १४ व्होल्टच्या पुढे दिसतं, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. निगेटिव्ह पूर्ण सोडवा, अल्टरनेटरमागची जाड केबल काढून तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळा, प्लगही काढा आणि पुन्हा मोजा. अर्धा अँपिअर गायब झाला तर डायोड प्लेट बदला, किंवा अख्खा अल्टरनेटर. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर बॅटरीला लावलं तरी सुगावा लागतो: ०.५ व्होल्टच्या वर आलं तर डायोडवर दाट संशय घ्या.

प्रश्न : रोज रात्री निगेटिव्ह काढून ठेवला तर?

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर जरूर काढा. रोजचा उपाय म्हणून नको. घड्याळ, रेडिओचा कोड, काचांचं ऑटो सेटिंग दरवेळी जातं आणि क्लॅम्प ढिला होतो. बॅटरी डिकीत असेल तर आधी डिकीचं झाकण साध्या किल्लीने उघडतं का पाहा. काही डिक्या फक्त विजेवर उघडतात, आणि वीज तुम्ही आत्ताच काढलेली असते.