भरपूर झोपणारी, पोटभर खाणारी आणि हसणारी व्यक्ती नैराश्यात असू शकते का?

तुमची धाकटी बहीण सुट्टीच्या दिवशी दुपारी २ वाजेपर्यंत झोपते, रात्री फराळाचे डबे उघडून खात बसते, पण मैत्रिणी आल्या की हसत-खिदळत मिसळ खायला निघते, आणि म्हणून घरचे तिला आळशी ठरवतात. हे नैराश्य असू शकते का, असे तुम्ही विचारले आहे. असू शकते. मी डॉक्टर नाही. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात हिशेब पाहते आणि जवळपास दीड वर्ष या आजारातून गेले आहे, एवढाच माझा अधिकार.

नैराश्य म्हटले की झोप उडालेला, अन्नावरची वासना गेलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. अटिपिकल डिप्रेशन या नैराश्याच्या प्रकारात बरेचसे याच्या उलट घडते. त्याची पहिली खूण हीच, की काही चांगले घडले किंवा घडणार असले की मन खरोखर उजळते. ते नाटक नसते, मात्र ते टिकतही नाही. त्याच्या जोडीला भूक किंवा वजन बरेच वाढणे, अतिझोप, हातापायांत शिसे भरल्यासारखा जडपणा आणि नकार किंवा टीका जिव्हारी लागणे यांपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात. अतिझोप म्हणजे दिवसरात्र मिळून १० तास किंवा एरवीपेक्षा २ तास तरी जास्त. नावावरून हा प्रकार दुर्मीळ वाटतो, पण तो तसा नाही. १९५९ मध्ये लंडनच्या वेस्ट आणि डॅली या डॉक्टरांनी नेहमीच्या चित्रात न बसणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले, तेव्हापासून हे नाव चिकटले.

जडपणाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तो सांगूनही कोणाला पटत नाही. एका सकाळी बादलीतला एकच टॉवेल पिळून दोरीवर टाकायचा राहिला होता आणि माझा हात खांद्याच्या वर जाईना. दुखत नव्हते, ताप नव्हता, दमही लागला नव्हता. मी मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले आणि आतून आईचा आवाज येत होता, ‘अगं, कपडे आंबतील.’ त्याच संध्याकाळी मामेबहिणीचे लग्न ठरल्याचा फोन आला आणि मी तासभर आनंदाने बोलले. आईने या दोन्ही गोष्टी पाहिल्या आणि तिच्या दृष्टीने निकाल लागला.

टीका लागण्याचे म्हणाल, तर साहेबांनी माझ्या एका आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली, तोंडाने काही बोललेही नाहीत, तरी मी दोन दिवस रजा टाकली. हा हळवेपणा बहुधा आजाराच्या कितीतरी आधीपासून असतो, त्यामुळे घरच्यांना तो स्वभावच वाटतो.

मी प्रथम ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी मला हसत बोलताना पाहून शक्तीचे औषध लिहून दिले. म्हणून सांगते, मानसोपचारतज्ज्ञांनाच दाखवा. ते थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा तपासण्या करायला सांगतील, कारण थकवा आणि झोप यांमागे तीही कारणे असतात. बहिणीच्या आयुष्यात कधी झोपेविना उत्साह, अफाट खर्च, न थांबणारी बडबड असा काळ येऊन गेला असेल, तर तो आवर्जून सांगा. अटिपिकल लक्षणे द्विध्रुवीय विकारातही, म्हणजे ज्यात असा अतिउत्साहाचा आणि नैराश्याचा काळ आलटून-पालटून येतो त्या आजारातही, पुष्कळदा दिसतात आणि तेव्हा नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते. मला गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही लागले. पहिला फरक जाणवायला काही आठवडे गेले, आणि त्या काळात मी दोनदा औषध सोडायला निघाले होते.

तिच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याचा सूर आला, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येते, आणि धोका समोर दिसत असेल तर तिला एकटी न सोडता सरळ सिव्हिलला न्या.

एरवी पहिल्या भेटीपूर्वी दोन आठवडे तिच्या झोपेचे तास लिहून ठेवा. मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहीत असे, शेवटी तेच पान फाडून नेले, आणि डॉक्टरांनी माझ्याशी बोलण्याआधी ते नीट वाचले.